गाडी पहाटे पाहावी

२०१६ सालच्या मे महिन्यात आम्ही जुनी गाडी पाहायला धुळ्याहून जळगावला गेलो. आम्ही दोघेही शिक्षक. घरात दोन मुले आणि आई. आईचे गुडघे निकामी झाल्यापासून तिला चाकांच्या खुर्चीशिवाय बाहेर पडता येत नसे. उपचारासाठी दर पंधरवड्याला जळगाव गाठायचे, म्हणजे पारोळा-एरंडोल मार्गे एका बाजूने सुमारे नव्वद किलोमीटर. एस. टी.च्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नव्हती.

उंच जीपसारख्या गाडीत आईला उचलूनच बसवावे लागले असते. साध्या मोटारीची बैठक तिला सोयीची होती, पण तिच्या डिकीत खुर्ची बसली की बाकी सामानाला जागा उरत नसे. म्हणून आमची नजर 'इस्टेट' प्रकारच्या गाडीवर गेली. इस्टेट म्हणजे साधी मोटारच, फक्त तिचे छत मागच्या टोकापर्यंत नेलेले असते. बैठक बुटकी, मागची जागा ऐसपैस आणि दार वर उघडणारे. १९९२ची टाटा इस्टेट, २००४ची इंडिगो मरीना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी ही त्यातली आपल्याकडची काही नावे. अशा गाड्या आपल्याकडे फारशा खपल्या नाहीत. त्यामुळे जुन्या बाजारात त्या शोधाव्या लागतात, पण मिळाल्या तर किंमत बेताची असते.

जळगावला पाहिलेली गाडी दिसायला झकास होती. विक्रेत्याने किल्ली फिरवली आणि इंजिन क्षणात सुरू झाले. धूर नाही, खडखड नाही. आम्ही बयाणा द्यायच्या बेतात होतो. सोबत आणलेल्या मिस्त्रींनी मात्र बोनेट उघडून इंजिनावर हात ठेवला आणि आम्हाला बाजूला घेतले.

"सर, इंजिन गरम आहे. आपण यायच्या आधीच फिरवून आणलीय. आणि थंड असती तरी या उन्हात ती चालू झालीच असती. डिझेल गाडी थंडीत पाहावी, तीही पहाटे."

गाडी पाहायला ऋतू आणि वेळ कशाला लागते बरे? परतीच्या वाटेवर आम्ही हाच विचार करत होतो. त्याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे.

ठिणगीशिवाय पेटणारे इंजिन

सायकलचा पंप घ्या. त्याच्या नळीचे तोंड बोटाने घट्ट बंद करून दांडा दहा-पंधरा वेळा जोरात दाबा. पंपाचे खालचे टोक गरम लागेल. थोडी उष्णता घर्षणाची असते, पण बरीचशी दाबलेल्या हवेची. हवा झटकन दाबली की आपण केलेले कार्य हवेच्या आंतरिक ऊर्जेत जमा होते आणि तिचे तापमान वाढते.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तेथे नुसती हवा इतकी दाबतात की ती डिझेल पेटवण्याइतकी तापते. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला जातो आणि तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे या तत्त्वावरचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले.

ज्यांचे बालपण खानदेशातल्या मळ्यात गेले, त्यांनी हे विहिरीवरच्या इंजिनात पाहिलेले असते. आधी वरची कळ उचलून झडप उघडी ठेवायची, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. हवा दाबली जाते आणि इंजिन धडधडू लागते. हिवाळ्यात इंजिन ऐकत नसले, तर जाणता गडी पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरत असे. आत जाणारी हवाच कोमट करायची, एवढी ती युक्ती. (हा प्रयोग मात्र कोणी करू नये.)

तेहतीस अंशांचे एकशे नऊ अंश

हवेचे मूळ आकारमान आणि दाबल्यानंतरचे आकारमान यांच्या गुणोत्तराला संपीडन गुणोत्तर म्हणतात. पेट्रोल इंजिनात ते साधारण ९ ते ११ असते. जुन्या पद्धतीच्या छोट्या डिझेल इंजिनात २० ते २२, तर नव्या कॉमन रेल इंजिनात १६ ते १८ असते. आपण २० धरू.

उष्णता बाहेर जाऊ न देता हवा दाबली, तर तिचे केल्व्हिनमधील तापमान गुणोत्तराच्या ०.४ व्या घाताच्या पटीत वाढते. २० चा ०.४ वा घात म्हणजे सुमारे ३.३१. आता दोन दिवस घेऊ.

जानेवारीची पहाट, १० अंश सेल्सिअस, म्हणजे २८३ केल्व्हिन. दाबल्यावर सुमारे ९३८ केल्व्हिन, म्हणजे ६६५ अंश सेल्सिअस.

मे महिन्याची दुपार, ४३ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१६ केल्व्हिन. दाबल्यावर सुमारे १,०४७ केल्व्हिन, म्हणजे ७७४ अंश सेल्सिअस.

सुरुवातीचा ३३ अंशांचा फरक दाबल्यावर १०९ अंशांचा झाला. कारण येथे बेरीज नाही, गुणाकार आहे.

डिझेल सुमारे २१० ते २५० अंशांना आपोआप पेटते. मग ६६५ अंश भरपूर नाहीत का? आकडेमोडीत आहेत, प्रत्यक्षात नाहीत. थंड धातूच्या भिंती उष्णता शोषून घेतात. पिस्टनच्या रिंगा आणि झडपा यांच्या फटीतून थोडी हवा निसटते. फवाऱ्याचे थेंबही वाफ होताना उष्णता घेतात. शिवाय हे सारे क्षणभरात उरकायचे असते. म्हणून तापमान बरेच वर असावे लागते. चांगल्या इंजिनात ते तसे असते. रिंगा झिजलेल्या असतील तर गळती वाढते, दाब आणि तापमान दोन्ही घटतात. बॅटरी अशक्त असेल तर इंजिन हळू फिरते आणि गळतीला जास्त वेळ मिळतो.

झिजलेले इंजिन थंड पहाटे रडत-खोकत सुरू होते. मे महिन्यात मात्र ऊन त्याच्या मदतीला धावते, आणि आधीच गरम करून ठेवलेले असेल तर विचारायलाच नको. आमच्या खानदेशचा उन्हाळा विक्रेत्याच्या बाजूचा असतो, असे मिस्त्री म्हणाले ते याच अर्थाने.

थंड इंजिनाला मदत म्हणून जुन्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरमागे एक विजेवर तापणारी कांडी असते. गॅरेजात तिला हीटर प्लग म्हणतात. किल्ली अर्धी फिरवल्यावर समोर वेटोळ्याची खूण दिसते, तोवर त्या तापत असतात. यातल्या दोन कांड्या जळालेल्या असल्या, तरी जळगावच्या मे महिन्यात ते कोणाच्या लक्षात येत नाही.

हवा कुठे जाते?

त्या दिवशी मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट केली. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल केले. झाकण उडू लागले आणि भोकातून धुराचे झोत फक् फक् करत आले. सिलिंडरमधला वायू रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या खोलीत जात होता आणि तेथून वर येत होता. गॅरेजच्या भाषेत हे 'बॅक कॉम्प्रेशन'. थोडासा वायू चांगल्या इंजिनातही येतो, पण झाकण उडावे इतका नाही. मग दाब मोजायचे घड्याळ लावले. चारपैकी तीन सिलिंडर एकमेकांच्या जवळपास होते. चौथ्याचा दाब त्यांच्या जेमतेम दोन-तृतीयांश भरला. इंजिन उघडायला आले होते, आणि तो खर्च आमच्या वर्षभराच्या बचतीएवढा होता. आम्ही बयाणा न देता परतलो. आई काही बोलली नाही, पण तिने बांधून ठेवलेली पिशवी सोडून ठेवली.

धुराचा रंग वाचावा

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. डिझेल जास्त किंवा हवा कमी. हवेची जाळी आमच्याकडच्या धुळीने तुंबली असेल तर उपाय स्वस्त, नोजल किंवा पंप बिघडला असेल तर महाग.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा किंवा झडपांची सील झिजली आहेत.

पांढरा धूर थंड पहाटे मिनिटभर आला तर न पेटलेल्या डिझेलचा, आणि इंजिन तापल्यावर जात असेल तर काळजी नाही. तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. अशा वेळी ऑइल कधी कधी दुधाळ दिसते. ऑइल नुसते काळे असणे हा डिझेल इंजिनाचा दोष नव्हे.

धूर मोजताही येतो. पी. यू. सी. केंद्रात यंत्राच्या नळीत धूर भरून त्यातून प्रकाश सोडतात. भारत स्टेज ४ प्रकारच्या डिझेल गाड्यांसाठी शोषण गुणांकाची मर्यादा दर मीटरला १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. पहिल्या मर्यादेवर ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळीत निम्मा प्रकाश अडतो, दुसऱ्या मर्यादेवर ६५ टक्के. हा नुसता कागदी नियम नाही. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. शाळेच्या फाटकाशी उभी राहणारी गाडी कसा धूर सोडते, हे आपण शिक्षकांनी पाहायलाच हवे.

डिझेल खरेच स्वस्त पडते का?

एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, कारण ते जड असते. शिवाय संपीडन गुणोत्तर जास्त असल्याने त्या ऊर्जेचा वापरही चांगला होतो. पण 'डिझेल म्हणजे स्वस्त' हा आपल्या वडीलधाऱ्यांचा ठोकताळा सरकार डिझेलचे भाव बांधून ठेवत असे त्या काळातला. ऑक्टोबर २०१४मध्ये ते नियंत्रण उठले आणि दोन इंधनांतले अंतर कमी झाले.

हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते. किलोमीटरला ७ रुपये पडले. डिझेल ९२ रुपये आणि धाव २० किलोमीटर, तर ४ रुपये ६० पैसे. वाचले २ रुपये ४० पैसे. डिझेल गाडीची जास्तीची किंमत आणि दुरुस्ती मिळून ४० हजार रुपये धरले, तर ते भरून निघायला सुमारे १६,७०० किलोमीटर लागतील. आमचे अंतर दोन वर्षांत तेवढे होणार होते. घर ते शाळा तीन किलोमीटर, एवढीच ज्यांची धाव आहे त्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

१ एप्रिल २०२०पासून आलेल्या भारत स्टेज ६ गाड्यांबाबत तर हे अधिकच खरे आहे. त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळून टाकायला सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि ते लांबच्या सलग प्रवासातच नीट साधते. गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते.

कागद आणि टायर

आर. सी. बुक, विमा, पी. यू. सी. पाहावेतच. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ घ्यावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत विक्री कळवायची असते. सुरतेकडची गाडी स्वस्त म्हणून घेतली, तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इकडचा कर यांचा हिशेब आधीच करावा. नाव बदलेपर्यंत उरलेले पैसे हातात ठेवलेले बरे.

किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण ब्रेकच्या पॅडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड आणि चालकाची दबलेली सीट मागे फिरत नाही. 'चाळीस हजार' चाललेल्या गाडीचे पॅडल गुळगुळीत असेल, तर विचारावे. टायरच्या बाजूला शेवटी चार अंक असतात. '२३१४' म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी आमच्या उन्हात टायरचे रबर कडक होते, त्याला चिरा पडतात.

पुढे काय झाले

जानेवारीत धुळ्यातच एक इस्टेट मिळाली. पहाटे साडेसहाला, कानाला रुमाल बांधून, न कळवता आम्ही मालकाच्या दारी हजर झालो. ते थोडे चिडले, मग हसले. बोनेट गार होते. खूण विझेपर्यंत थांबून किल्ली फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले, पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला. ऑइलचे झाकण जागेवर राहिले. मग मालेगावच्या दिशेने लळिंगचा घाट चढून पाहिला. काटा तापला नाही, मागे काळा लोट उठला नाही. टायर मात्र सात वर्षांचे निघाले. त्यांची किंमत आम्ही वजा करून घेतली आणि पहिल्याच आठवड्यात चारही बदलले, कारण महामार्गावर आईला घेऊन जायचे होते. पुढच्या पंधरवड्यात खुर्ची मागे ठेवून ती स्वतःच्या हाताने दार लावून बसली.

वर्गात करून पाहा

१. संपीडन गुणोत्तर १७ आणि बाहेरचे तापमान ८ अंश असताना दाबलेल्या हवेचे तापमान काढा. जुन्या इंजिनापेक्षा ते किती कमी आले?

२. शाळेच्या आवारातल्या वाहनांच्या टायरवरचे चार अंक नोंदवा. सर्वांत जुना टायर कोणत्या वाहनाचा आहे? तो नियमाने मुलांची ने-आण करतो का?

३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या वाहनाचा किलोमीटरमागे इंधनखर्च महिनाभर मोजा. सांगितलेला आणि मोजलेला आकडा जुळतो का?

४. गावातल्या मिस्त्रींना वर्गात बोलवा. इंजिन पाहताना ते काय ऐकतात, कशाचा वास घेतात, कुठे हात लावतात, हे विचारा. त्यांच्या प्रत्येक ठोकताळ्यामागचे कारण मुलांनी शोधावे.