राजाजी आणि ‘स्वतंत्र’ची पंधरा वर्षे

१९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने ठराव केला की देशातली शेती यापुढे सामुदायिक सहकारी पद्धतीने व्हावी. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहील, जमीन मात्र सर्वांची एकत्र कसली जाईल, असा त्याचा मथितार्थ. चरणसिंगांनी तिथेच उभे राहून विरोध केला, तरीही ठराव मंजूर झाला. त्याच वर्षी ४ जूनला मद्रासमध्ये एका नव्या पक्षाची घोषणा झाली आणि १ व २ ऑगस्टला मुंबईत त्याचे स्थापना अधिवेशन भरले. पक्षाचे नाव ‘स्वतंत्र’. अध्यक्ष आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, सरचिटणीस मिनू मसानी, आणि या सगळ्यामागचा आत्मा ऐंशी वर्षांचे चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी.

सरकार लहान असावे, माणसाच्या मिळकतीत आणि मतात त्याने कमीत कमी हात घालावा, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा, कुटुंब, रीतभात यांना उगाच धक्का लावू नये, असे मी मानतो. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारा पक्ष या देशात एकदाच झाला. म्हणून त्याच्या पंधरा वर्षांकडे मागे वळून पाहणे मला गरजेचे वाटते.

राजाजी स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे राज्यपाल, देशाचे गव्हर्नर जनरल, केंद्रात गृहमंत्री, मद्रासचे मुख्यमंत्री असे सगळे होऊन गेले होते. सत्ता आतून कशी चालते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. १९५२ मध्ये मद्रासचा कारभार हाती घेताच त्यांनी धान्यावरची नियंत्रणे उठवली. दुष्काळी वर्षांत असे करणे म्हणजे आत्मघात, असे अनेकांचे मत होते. पण धान्य बाजारात आले. ‘परमिट-लायसन्स राज’ हा त्यांनी रूढ केलेला शब्दप्रयोग पुढे सगळ्यांच्या तोंडी झाला, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता. कारखाना काढायचा, वाढवायचा, कच्चा माल आणायचा, तर प्रत्येक वेळी दिल्लीचा शिक्का. जो शिक्का देतो तो त्याची किंमतही घेतो, आणि ती किंमत शेवटी पक्षाच्या निवडणूक निधीत जमा होते, हे त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले.

मात्र त्यांना केवळ बाजाराचा वकील ठरवणे अन्यायाचे होईल. याच माणसाने ‘कल्की’ साप्ताहिकातून तमिळ वाचकांना महाभारत आणि रामायण सांगितले. रामायणाच्या त्यांच्या पुस्तकाला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि दोन्ही ग्रंथांच्या इंग्रजी आवृत्त्या मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने देशभर पोचवल्या. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या, त्यात राजाजींनी रचलेली एक प्रार्थना होती. ही भक्ती आणि ते अर्थकारण त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हते. संस्कृतीची त्यांची कल्पना संयमावर उभी होती. माणूस स्वतःला आवरू शकतो म्हणून त्याला मोकळे सोडता येते. ज्या समाजात धर्मबुद्धी आटते तिथे तिची जागा इन्स्पेक्टर घेतो, आणि इन्स्पेक्टरला कोण आवरणार, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्यांच्या सगळ्या राजकारणाची किल्ली इथे आहे.

परंपरा जपणारा माणूस अन्याय जपतो, असा आरोप नेहमी होतो. १९३९ साली मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात दलित बांधवांनी प्रवेश केला, तेव्हा त्यांच्यामागे कायद्याचे बळ उभे करणारे सरकार राजाजींचे होते. आपल्याकडे साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी उपोषण केले. राजकीय विचारात दोघे दोन टोकांना. पण देऊळ सगळ्यांचे व्हावे म्हणून झटणारे दोघेही देवाला मानणारे होते, आणि म्हणूनच ती दारे उघडल्यावर उघडी राहिली, असे मला वाटते.

राजाजींच्या चुकाही मोठ्या होत्या आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. दारूबंदी त्यांनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून सुरू केली आणि अखेरपर्यंत सोडली नाही. १९७१ मध्ये तमिळनाडू सरकारने ती उठवायचे ठरवले तेव्हा ९२ व्या वर्षी ते मुख्यमंत्री करुणानिधींना विनवायला गेले. संयम पोलिसांकरवी शिकवता येत नाही, हे बाकी सगळीकडे ओळखणाऱ्या या माणसाला इथे ते दिसले नाही. त्याहून गंभीर चूक १९५३ ची. प्राथमिक शाळेची वेळ कमी करून मुलांनी उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी योजना त्यांनी कोणालाही न विचारता आणली. ज्यांच्या घरचा धंदा जातीने लादलेला होता त्यांच्यासाठी ही बेडीच होती. लोक खवळले, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना गुंडाळली. योग्यच केले.

वृत्तपत्रांच्या बाबतीत मात्र या विचाराच्या माणसांची कामगिरी निखळ आहे, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. वृत्तपत्राची किंमत किती आणि त्या किमतीला पाने किती, हे सरकार ठरवेल, असा आदेश १९६० मध्ये निघाला. पुण्याच्या नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. पाने कमी करणे म्हणजे विचार कमी करणे, आणि किंमत वाढवायला लावणे म्हणजे वाचक तोडणे, हे न्यायालयाने १९६१ मध्ये मान्य केले. निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकरांचे होते. ‘सकाळ’ स्वतंत्र पक्षाचा नव्हता, पण लढाई तीच होती. राजाजी ‘स्वराज्य’ साप्ताहिकातून दर आठवड्याला लिहीत होते. मसानींचे ‘फ्रीडम फर्स्ट’ मुंबईतून निघत होते. आणीबाणीत सेन्सॉरने त्यातला मजकूर अडवला, तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये जिंकले. पक्ष तोवर उरला नव्हता, वृत्ती उरली होती. हेच मसानी १९३० च्या दशकात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण आणि अच्युत पटवर्धन यांच्यासोबत समाजवादी पक्षाची स्वप्ने पाहत होते. स्टालिनच्या रशियाने त्यांचे डोळे उघडले.

निवडणुकांचा हिशेब थोडक्यात आटपतो. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७ मध्ये ४४ आणि सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे स्थान, १९७१ मध्ये ८. ओडिशात पक्षाचे आर. एन. सिंह देव मुख्यमंत्री झाले. मद्रासमध्ये १९६७ साली राजाजींनी द्रमुकशी युती केली, म्हणजे भाविक ब्राह्मणाने नास्तिक द्रविडांचा हात धरला. एका पक्षाची सत्ता मोडणे हे त्यांना त्या क्षणी जास्त मोलाचे वाटले. राजाजींचे १९७२ मध्ये निधन झाले तेव्हा आयुष्यभराचे वैचारिक विरोधक पेरियार अंत्यदर्शनाला येऊन रडले. मतभेद आणि वैर यांतला फरक त्या पिढीला कळत होता.

महाराष्ट्रात पक्ष रुजलाच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने इथले मन व्यापले होते आणि १९६० नंतर यशवंतराव चव्हाणांनी ते काँग्रेसकडे वळवले. दुसरे कारण जास्त खोल आहे. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेत उभा केलेला साखर कारखाना शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडेच ठेवत होता. एकत्र यायचे ते गाळपासाठी, तेही स्वेच्छेने. नागपूर ठरावाची भीती ज्या शेतकऱ्याला वाटायची, त्याला इथे सहकाराचा दुसरा आणि बरा अनुभव आला होता. स्वतंत्र पक्षाने हा फरक ओळखून त्या शेतकऱ्यापर्यंत जायला हवे होते. पण पक्ष संस्थानिकांच्या गढ्या आणि उद्योगपतींच्या देणग्या यांवर विसंबला. इंदिरा गांधींच्या ‘गरीबी हटाओ’च्या लाटेत ती तटबंदी १९७१ मध्ये कोसळली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

१९९१ मध्ये परवाने उठले. ज्या काँग्रेसने राजाजींना प्रतिगामी म्हटले तिच्याच सरकारने ते उठवले. पण त्यांच्या विचाराचा अर्धाच भाग देशाने घेतला. बाजार मोकळा झाला आणि संयमाची बाजू मागे पडली. आज श्रद्धेचे नाव घेणारे सरकारकडून तिचे रक्षण मागतात. सरकारच्या हातात गेलेली श्रद्धा राजाजींना कधीच मानवली नसती.

शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढून हा धागा पुन्हा उचलला. पण १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ नुसार नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. राजाजींचा पक्ष आज स्थापन करायचा तर पहिलाच कागद खोटा लिहावा लागेल. लोकशाहीत समाजवादी पक्ष असावेत, जरूर असावेत, आणि त्यांना विरोध करणारेही उजळ माथ्याने नोंदले जावेत. खासदारांनो, तुम्ही कोणत्याही बाकावर बसत असा, त्या कलमातून ‘समाजवाद’ हा एक शब्द काढा.