देशात नाही ते कुफमध्ये

खताचा कारखाना काढायचा तर गंधकाम्ल लागतं, फॉस्फेटचा दगड लागतो, हे कुणीही सांगेल. पण तयार झालेलं खत शेतापर्यंत न्यायचं कशातून? गोणीतून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, लिस्बनसमोर तेजु नदीच्या दक्षिण काठावर बारेइरु नावाच्या गावात एका माणसाने खताचा कारखाना उभारला, तेव्हा त्याच आवारात त्याने ताग कातण्याची आणि गोणपाट विणण्याचीही सोय केली. पोर्तुगालमध्ये ताग पिकत नव्हता. त्या काळी जगभरचा ताग जिथून जायचा, त्या बंगालच्या खाचरांतलाच हा माल. आपल्याकडच्या कुळाने गुडघाभर पाण्यात उभं राहून सोललेला धागा युरोपच्या पश्चिम टोकाला जायचा, तिथल्या बायका यंत्रावर त्याची गोण विणायच्या आणि ती गोण खताने भरून दक्षिणेच्या आलेंतेजु प्रांतातल्या गव्हाच्या शेतात रिकामी व्हायची.

‘कोंपान्यिया उनियांउ फाब्रिल’ म्हणजेच कुफ, या पोर्तुगीज उद्योगघराण्याची गोष्ट मला या गोणीपासून सांगावीशी वाटते, कारण तिच्यात या घराण्याची सगळी रीत दिसते. एका वस्तूसाठी दुसरी लागते, दुसरीसाठी तिसरी, आणि ती बाहेरून विकत घेण्यापेक्षा आपणच करायची. देशात जे नाही ते कुफ निर्माण करते, अशा अर्थाचं ब्रीद कंपनी मिरवायची. अनेक वर्षं ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

कंपनी मुळात १८६५ सालची. लिस्बनच्या आल्कान्तारा भागात साबण, मेणबत्त्या आणि तेल करणारी. तशाच मालाची दुसरी कंपनी होती ‘आलियांसा फाब्रिल’. दोघी एकाच बाजारात एकमेकींना खात होत्या. १८९८ साली त्यांचं विलीनीकरण घडवून आणलं ते आल्फ्रेदु द सिल्वा यांनी. १८७१ साली लिस्बनमध्ये जन्मलेले सिल्वा तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. पुढची चव्वेचाळीस वर्षं, मरेपर्यंत, कुफ आणि सिल्वा ही दोन नावं वेगळी काढता येत नाहीत.

तेलाच्या घाण्यातून पेंड उरते. पेंडीचं खत होतं. पण सिल्वा यांची नजर रासायनिक खतावर गेली. पोर्तुगालची जमीन हलकी, गव्हाचं उत्पन्न तुटपुंजं, आणि सुपर फॉस्फेट परदेशातून यायचं. दक्षिणेत आलेंतेजुच्या खाणींत मात्र लोहमाक्षिकाचे प्रचंड साठे होते. लोहमाक्षिक भाजलं की गंधकाचा वायू निघतो आणि त्याचं गंधकाम्ल करता येतं. या आम्लात उत्तर आफ्रिकेतून आणलेला फॉस्फेटचा दगड मुरवला की पिकाच्या मुळांना घेता येईल असं सुपर फॉस्फेट तयार. भट्टीत उरलेल्या राखेतून तांबं काढायचं, थोडंफार सोनं-चांदीही काढायचं आणि शेवटी राहतो तो लोखंडाचा तांबडा गाळ. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही रचना देखणी आहे. कशाचाही उकिरडा होऊ द्यायचा नाही, एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल.

जागा निवडली तीही याच हिशेबाने. बारेइरुला दक्षिणेकडून येणारी रेल्वे संपत होती, म्हणजे खाणीतला दगड थेट दारात. समोर नदीचं विस्तीर्ण पात्र, म्हणजे जहाजं धक्क्याला. पलीकडे लिस्बन, म्हणजे बाजार आणि बँका. बुचाचे कारखाने आणि रेल्वेची कार्यशाळा तिथे आधीच असल्यामुळे हातही मिळण्यासारखे होते. १९०७ साली जमीन घेतली आणि पुढच्या वर्षी उत्पादनाला सुरुवात. आखणी ओग्युस्त स्टँव्हिल या फ्रेंच अभियंत्याची. पाठोपाठ कामगारांसाठी सांता बार्बरा नावाची वसाहत, दुकान, शाळा, दवाखाना. कोळ्यांचं गाव तीन दशकांत देशातलं एक मोठं कारखान्यांचं शहर होऊन बसलं.

सिल्वा राजेशाहीवादी होते. १९१० साली पोर्तुगालमधली राजेशाही गेली आणि पुढची सोळा वर्षं प्रजासत्ताक सरकारांची ये-जा चालू राहिली. संप, बाँब आणि कटांचे ते दिवस. १९ ऑक्टोबर १९२१च्या रात्री लिस्बनमध्ये पंतप्रधानांसह अनेकांना पकडून ठार मारण्यात आलं. ‘रक्तरंजित रात्र’ म्हणून ती पोर्तुगीज इतिहासात ओळखली जाते. त्या धुमश्चक्रीत सिल्वा यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले आणि देश सोडून गेले. काही वर्षं परदेशातून कारभार हाकला. १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली, त्यानंतर ते परतले.

या अस्थिर वर्षांत आणि नंतरही साखळी लांबत गेली. मालाची वाहतूक दुसऱ्याच्या जहाजांतून का करायची, म्हणून १९१९ साली ‘सोसिएदाद जेराल’ ही जहाज कंपनी. पैसा दुसऱ्याच्या हातात का ठेवायचा, म्हणून तोत्ता पेढी, जिची पुढे बँक झाली. तंबाखूची सरकारी मक्तेदारी संपताच १९२७ साली ‘ताबाकैरा’ हा सिगारेटचा उद्योग. १९३०च्या दशकात लिस्बनच्या बंदरातली जहाजदुरुस्तीची गोदी चालवायला घेतली. १९३७ साली त्या गोदीत ‘क्रियोला’ आणि ‘सांता मारिया मानुएला’ ही चार डोलकाठ्यांची दोन शिडाची जहाजं अवघ्या ६२ दिवसांत बांधून एकाच दिवशी पाण्यात सोडली गेली. न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडच्या थंड समुद्रातून कॉड मासा आणायला ती जायची. दोन्ही आजही तरंगतात, हे वाचल्यावर मला त्या अनाम सुतार-लोहारांबद्दल फार आदर वाटला. विमा कंपनी झाली ती १९४२ साली. तिचं नाव ठेवलं ‘इंपेरियु’, म्हणजे साम्राज्य.

आता सालाझारविषयी. हे नाव मराठी घरांत पोहोचलं ते गोवामुक्तीच्या लढ्यामुळे. १९२८ साली अर्थमंत्री आणि १९३२ साली पंतप्रधान झालेल्या या माणसाने देशाचं अर्थकारण एका शिस्तीत जखडून टाकलं. १९३१च्या एका नियमाने नवा कारखाना काढायला किंवा जुना वाढवायला सरकारची परवानगी लागू लागली. परवाना-राज्य काय असतं हे आपल्या पिढीला समजावून सांगायला नको. आत असलेल्याला भिंत मिळते आणि बाहेरच्याला दार दिसत नाही. कुफ आत होती. १९२९ सालापासून गव्हाच्या स्वयंपूर्णतेची सरकारी मोहीम सुरू झाली होती, आलेंतेजुच्या माळावर नांगर फिरला आणि खताचा खप वाढला. पातळ मातीच्या त्या उतारांवरून पुढे जमीन वाहून गेली, त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली. मोहिमेचा लाभ मात्र बारेइरुच्या भट्ट्यांना झाला.

कुफ सगळीच सालाझारच्या मेहेरबानीवर उभी राहिली, असं मला वाटत नाही. भट्ट्या त्याच्या आधीच्या आहेत. पण स्पर्धेशिवाय वाढण्याची आणि कामगाराला गप्प बसवण्याची मुभा तिला त्या राजवटीने दिली. सिल्वा २२ ऑगस्ट १९४२ रोजी वारले. पुढच्याच वर्षी महायुद्धामुळे भाकरीची टंचाई झाली, मजुरी गोठलेली, आणि बारेइरुच्या कामगारांनी काम थांबवलं. सरकारने सशस्त्र दल धाडून शहर ताब्यात घेतलं. त्याच शहरात, कारखान्याच्या आवारात, सिल्वा यांची भव्य समाधी आहे. ज्या वसाहतीतल्या मुलांना कंपनीने शाळा दिली, त्यांच्याच वडिलांना पोलिसांनी उचलून नेलं. या दोन्ही गोष्टी एकाच घराच्या आठवणीत असतात. म्हणून बारेइरुची माणसं कुफविषयी बोलताना अभिमान आणि राग वेगळे करू शकत नाहीत, याचं मला नवल वाटत नाही.

सिल्वा यांना मुलगा नव्हता. मुलगी आमेलिया हिचे पती मानुएल द मेलो यांच्याकडे सूत्रं गेली आणि घराण्याचं नाव बदलून मेलो झालं. मानुएल १९६६ साली गेल्यावर त्यांची मुलं जॉर्ज आणि जुझे मानुएल पुढे आली.

साखळीचं सर्वांत लांबचं टोक होतं आफ्रिकेत. साबणाला आणि तेलाला भुईमूग लागायचा, ताडतेल लागायचं. ते पोर्तुगीज गिनीतून यायचं आणि तिथला व्यापार ‘कासा गोवेया’ या कुफच्या पेढीच्या हाती होता. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा तिनेच, दुकानातून त्याला कापड विकायचं तेही तिनेच. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसावच्या पिजिगिती धक्क्यावर या पेढीच्या गोदी कामगारांनी आणि खलाशांनी मजुरीवाढीसाठी काम बंद केलं. पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांचा आकडा पन्नासच्या आसपास सांगितला जातो. याच राजवटीने १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या होत्या. मराठी वाचकाला म्हणून बिसावचा तो धक्का परका वाटायचं कारण नाही. बिसावच्या गोळीबारानंतर दोन वर्षांनी गोव्यात भारतीय सैन्य शिरलं. गिनीमध्ये अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने पिजिगितीनंतर सशस्त्र लढ्याचा मार्ग धरला आणि ते युद्ध १९७४ सालापर्यंत चाललं. गिनी-बिसावमध्ये ३ ऑगस्टला आजही सुटी असते. साबणाच्या एका वडीमागे तो धक्का होता, ही गोष्ट कुफच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. लिस्बनहून लिहिलेल्या गौरवकथांत ती बहुधा शेवटच्या पानावर जाते.

१९६०चं दशक हा घराण्याच्या वैभवाचा कळस. १९६१ साली ‘लिजनाव’ ही जहाजदुरुस्तीची कंपनी निघाली, स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या गोद्यांना भागीदार करून. आल्मादाजवळ मार्गैरा इथे नवी गोदी बांधली. तिचं उद्घाटन झालं २३ जून १९६७ रोजी, आणि त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला होता. आखाताचं तेल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात येऊ लागलं, त्यासाठी राक्षसी टँकर बांधले गेले आणि त्या वाटेवर दुरुस्तीसाठी सोयीची गोदी होती ती हीच. वास्को द गामाचा रस्ता पुन्हा चालू झाला आणि कमाई पुन्हा लिस्बनच्या खाडीत झाली! कालवा १९७५ साली उघडला. गोदीवरची ‘लिजनाव’ हे नाव असलेली अवाढव्य क्रेन अजून उभी आहे, लिस्बनच्या घाटावरून सहज दिसते. तिच्याखाली आता जहाजं येत नाहीत.

फुटबॉलचाही उल्लेख करायला हवा, कारण कामगारांच्या आठवणीत तोच जास्त गोड आहे. कंपनीचा संघ पोर्तुगालच्या पहिल्या विभागात खेळायचा. १९६४-६५ साली तो तिसरा आला आणि पुढच्या मोसमात युरोपीय स्पर्धेत त्याने इटलीच्या मिलान संघाला घरच्या मैदानावर २-० असं हरवलं. पुढची फेरी काही गाठता आली नाही. तो विजय मात्र बारेइरुने जपून ठेवला.

२५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. उजव्या गटाने ११ मार्च १९७५ रोजी केलेला उठाव फसला आणि चार दिवसांत बँका आणि विमा कंपन्या सरकारच्या ताब्यात गेल्या. तोत्ता गेली, इंपेरियु गेली. त्याच वर्षी कुफही गेली. तेव्हा या समूहात शंभरावर कंपन्या होत्या. मेलो मंडळी देशाबाहेर पडली. १९७७च्या अखेरीस सरकारने कुफ आणि आणखी दोन रासायनिक कंपन्या एकत्र करून ‘किमिगाल’ बनवली.

राष्ट्रीयीकरणाने बारेइरु बुडालं, हे मत मी अनेकदा वाचलं आहे. मला ते अपुरं वाटतं. लोहमाक्षिकापासून आम्ल करण्याची ती पद्धत जगभर जुनी होत होती, खनिज तेल शुद्ध करताना निघणारं स्वस्त गंधक बाजारात आलं होतं, वसाहती गेल्यामुळे हुकमी माल आणि हुकमी बाजार दोन्ही संपले होते. सरकारी कारभाराने वेळेवर बदल केला नाही, हेही खरं. १९८०च्या दशकात एकेक भट्टी विझत गेली. मागे राहिला तांबडा गाळ आणि मातीत मुरलेले जड धातू. काहीच वाया न घालवणाऱ्या त्या रचनेत या एका वस्तूला गिऱ्हाईक सापडलं नव्हतं.

घराणं मात्र परतलं. जॉर्ज यांनी पुन्हा तेलाचाच धंदा धरला आणि त्यातून उभी राहिलेली ‘सोवेना’ आज ऑलिव्ह तेलातलं मोठं नाव आहे. जुझे मानुएल यांनी बँक उभारली, महामार्ग कंपनीत मोठा वाटा घेतला आणि १९९७ साली खुद्द किमिगाल विकत घेतली. बँक २००० साली विकली, महामार्गांचा बहुतेक हिस्सा २०२० साली. रसायनांचा व्यवसाय आता ‘बोंदाल्ती’ या नव्या नावाने चालतो.

‘कुफ’ हे नाव कुटुंबाने ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. १९४५ साली कंपनीने आपल्या कामगारांसाठी लिस्बनमध्ये एक इस्पितळ काढलं होतं. त्याचंच वाढत वाढत देशभर पसरलेलं खासगी इस्पितळांचं जाळं झालं आहे. २०२० साली त्यातलं नवं मोठं इस्पितळ सुरू झालं ते आल्कान्तारात, जिथे पूर्वी कंपनीचे साबण-मेणबत्त्यांचे कारखाने होते त्याच भागात. लिस्बनमध्ये आज कुणी ‘कुफला चाललो’ म्हणालं, तर ऐकणारा एवढंच विचारतो की घरात कुणाला बरं नाही.