दर रविवारी एक नवे गाणे

आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्य, नाटक, कादंबरी असे विषय येतात. मी माझा विषय सांगितला तेव्हा कार्यवाहांनी मला दोनदा विचारले, "डॉक्टर, नक्की ना?" नक्की. विषय आहे इंडी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यातले नवे दर आठवड्याला शोधायचे कसे, ऐकायचे कसे आणि दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवायचे कसे. उधन्यात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणाऱ्या, साठी उलटलेल्या माणसाने यात का पडावे, ते ओघात येईलच.

आधी शब्दांची झाडलोट करू. 'इंडी' म्हणजे इंडियन नव्हे. माझाही बरेच महिने तोच समज होता. इंडिपेंडंट या शब्दाचे ते घरगुती रूप. चित्रपटाच्या मागणीवाचून आणि मोठ्या कंपनीच्या पैशावाचून, स्वतः रचलेले, स्वतः ध्वनिमुद्रित केलेले आणि स्वतःच लोकांपुढे ठेवलेले गाणे ते इंडी. या व्याख्येने पाहिले तर आपल्या लिंबायत-उधन्यातल्या लग्नांत वाजणारी बरीचशी अहिराणी गाणी इंडीच म्हणायला हवीत. खोलीतल्या संगणकावर ताल बसवायचा, गावातल्याच पोराने गायचे, शेताच्या बांधावर चित्रीकरण करायचे आणि यूट्यूबवर टाकायचे. 'झुमका वाली पोर' खानदेशातून निघाले आणि बघता बघता अहिराणीचा गंध नसलेल्यांच्या फोनमध्येही जाऊन बसले. आपण साहित्यप्रेमी मंडळी अशा गाण्यांना नाके मुरडतो; वरातीत मात्र पाय आपलेही हलतात.

इलेक्ट्रॉनिक संगीताची भीती जरा जास्त असते. सतार ध्वनिवर्धकातून ऐकली तरी तिचा सूर तारेचाच असतो. सिंथेसायझरमध्ये तार नाही, कातडे नाही, फुंक नाही. तिथे विजेचा प्रवाहच ठरावीक वेगाने कंप पावतो आणि त्या कंपनाचा सूर होतो. हा कच्चा सूर कर्कश असतो, म्हणून तो फिल्टरमधून नेतात. फिल्टर म्हणजे काय हे कळायला तुम्ही आत्ता वाचता वाचता 'ऊ' म्हणा, आणि सूर न सोडता हळूहळू तोंड उघडत 'आ'पर्यंत या. सूर तोच राहिला, रंग बदलला. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा सरकवल्यावर तीच तार बंद-बंद वाटते किंवा झणझणते, तसेच काहीसे. फिल्टर हे काम बटण फिरवून करतो. एवढे ध्यानात आले की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी आवाज कमी केल्यावर जाते.

दर आठवड्याला नवे गाणे ही कल्पना आजच्या मुलांची नव्हे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आवर घातला. त्यांचा हेतू शास्त्रीय संगीताला कान मिळावेत हा होता. लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. आमच्या घरी जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकलेली असत, त्यामुळे आठ वाजता घर मोकळे आणि ओटा भरलेला. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते आमच्याकडे येत. माझ्या आठवणीत गाण्यांहून जास्त ठसली आहे ती गुरुवारची सकाळ: कोणते गाणे वर चढले, कोणते उगाच चढले, यावर शाळेपर्यंतच्या वाटेवर भांडण. सर्वांनी आदल्या रात्री तेच ऐकलेले असे, म्हणून भांडता येई.

आता नवे गाणे दर सोमवारी येते. स्पॉटिफायने 2015 मध्ये प्रत्येक श्रोत्यासाठी दर आठवड्याला तीस गाण्यांची वेगळी यादी द्यायला सुरुवात केली. सोय मोठी आहे, मीही तिचा लाभ घेतो. पण माझी यादी माझी, तुमची तुमची. गुरुवारचे भांडण होत नाही. शिवाय यंत्र बहुतेक वेळा आपण आधी ऐकलेल्याच्या आसपासचेच काढून देते. पेशंट जे मागेल तेच लिहून देणाऱ्या डॉक्टरसारखे ते आहे. पेशंट खूश असतो, एवढे खरे.

गाणे आहे, यंत्र आहे, कलावंत आहे, आणि ऐकणारा नाही, असे झाल्यास काय होते याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. सकाळच्या गाडीने अहमदाबादला जाऊन रात्री परत येता येते.

अहमदाबादच्या साराभाई या जैन गिरणीमालक घराण्यातल्या गीताबेन साराभाई पखवाज शिकल्या, ज्या काळी स्त्रियांनी पखवाजाला हात लावणे जवळजवळ ऐकिवात नव्हते. 1946 मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीत आपल्याकडे येते आहे तर ते काय आहे ते नीट कळावे, हा हेतू. तिथे त्यांना जॉन केज हा संगीतकार भेटला. त्याने त्यांना पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकवायचे, त्यांनी त्याला भारतीय संगीत, असा सौदा झाला. पैशांचा प्रश्नच आला नाही. पुढे जगभर गाजलेला हा केज त्या काही महिन्यांचे ऋण आयुष्यभर सांगत राहिला. माझ्या मते आठवड्याला गाण्यांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रत्येकाने या दोघांची जोडी डोळ्यांसमोर ठेवावी. दोघांनी दिले आणि दोघांनी घेतले.

1961 मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. गीताबेनचे भाऊ गौतम आणि बहीण गिरा हे तिच्या जडणघडणीत होते. केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर 1969 मध्ये तिथे आला आणि त्याने अमेरिकेत बनलेला मूग सिंथेसायझर बसवून दिला. हे यंत्र पेटीसारखे नसते. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखी भिंत, तिला भोके, आणि एका भोकातून दुसऱ्यात खुपसायच्या वायरी. कोणती वायर कुठे, यावर सूर ठरतो. त्या खोलीत 1972 पर्यंत आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि स्वतः गीताबेन यांनी रचना करून टेपांवर उतरवल्या. जोशीपुरा तर तेव्हा विद्यार्थीदशेतले. त्यांनी अंतराळयानाच्या प्रवासाची कल्पना करून त्यावर सुरांचे तुकडे रचले. माथुरांच्या एका रचनेच्या नावाचा अर्थ आहे 'एकदा मी तंबोरा वाजवला होता'. त्या नावातच सगळा जमाना आहे. ज्या वेळी सुरतेत आपण 'आराधना'ची गाणी गुणगुणत होतो, त्याच वेळी जवळच्याच शहरात हे चालले होते, आणि त्याची वार्ताही आपल्याला नव्हती.

मग स्टुडिओ बंद पडला आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या लंडनच्या कलावंत-संगीतकाराला त्या सापडल्या तेव्हा अर्धे शतक होत आले होते. 2020 मध्ये बीबीसी रेडिओवर त्याचा कार्यक्रम झाला, 2023 मध्ये निवडक रचनांचा अल्बम निघाला. प्रामाणिकपणे सांगतो, त्यातले सगळे सुंदर नाही. काही तुकडे म्हणजे नवे यंत्र हाताळून पाहणे आहे. मांजर शेपटी अडकल्यावर ओरडावे तसे. पण काहींनी मला रात्री झोपू दिले नाही. ते तेव्हा कुणी दर आठवड्याला ऐकले असते, त्याला नावे ठेवली असती, मागणी केली असती, तर पुढची रचना वेगळी झाली असती. ती पुढची रचना कोणत्याच कपाटात सापडणार नाही.

मुंबईच्या चरणजित सिंगांची गोष्ट थोडी बरी. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने 1982 मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने तबकडी काढली, कुणी फारशी घेतली नाही. त्यातल्याच एका यंत्राच्या घरंगळत्या सुरावर पाच वर्षांनी शिकागोच्या मुलांनी जगभर गाजलेला नवा बाज उभा केला. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा काढली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. सिंग 2015 मध्ये गेले. जाण्यापूर्वी परदेशी तरुणांसमोर त्यांना ते वाजवता आले.

आता माझे कपाट उघडतो. एका पेशंटचा मुलगा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कामाला होता. मशीनचा खडखडाट त्याने फोनवर टिपला, संगणकावर कापला, जोडला, खाली एक खर्जाचा सूर ठेवला आणि पाच मिनिटांचे काहीतरी तयार केले. "अंकल, ऐकून सांगा ना," म्हणून नवरात्रात त्याने ते माझ्या फोनमध्ये घातले. मी ऐकले होळीनंतर. ऐकून उठून बसलो. ज्या आवाजाने आपल्या वस्त्यांतल्या माणसांचे कान जातात, तोच आवाज त्याने असा वळवला होता की त्यात गाडी लागल्यावर गावाकडे निघालेल्या माणसाची घाई ऐकू येत होती. फोन केला तेव्हा त्याने कीबोर्ड विकला होता आणि पलसाण्याच्या बाजूला एका मिलमध्ये सुपरवायझर झाला होता. "कुणी काही बोललंच नाही, अंकल. सोडून दिलं." पंधरा जणांना पाठवले होते म्हणे. त्या पंधरांत मी एक.

त्यानंतर रविवारची बैठक सुरू झाली. संध्याकाळी पाच वाजता, दवाखान्याच्या बाकांवर. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, ग्रे कापडाचे एक दलाल, माझा कंपाउंडर आणि मी. कधी आणखी दोघे-तिघे.

पद्धत माझ्या धंद्यातून घेतली आहे. होमिओपॅथीत एका वेळी एकच औषध द्यायचे आणि वाट पाहायची, असा नियम शिकवतात. इथेही एका रविवारी एकच गाणे, तीनदा. पहिल्यांदा नुसते. दुसऱ्यांदा फक्त खालचा, खर्जातला आवाज धरून. तिसऱ्यांदा काय बदलते आणि कोणत्या मिनिटाला, ते पाहत. इलेक्ट्रॉनिक संगीतात पुनरावृत्ती असते म्हणून लोक वैतागतात. पण नामजपाला बसणाऱ्यांनी तरी ही तक्रार करू नये. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरला खर्ज पेलत नाही, आणि या संगीताचा पाया तर खर्जातच. साधे हेडफोन चालतील, आवाज मध्यम. आपल्या वयात बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, तेव्हा "यात काही नाहीच" असे म्हणण्यापूर्वी शेजारच्या नातवाला विचारावे. आमच्या बैठकीत एकदा असेच झाले: कंपाउंडर ज्या घंटानादावर खूश होता तो आम्हा तिघांना ऐकूच आला नव्हता.

शोधायचे कुठे? 2015 पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध होते, म्हणून मी शुक्रवारी रात्री अर्धा तास काढतो. दिल्लीचा बॉक्सआउट एफएम हा इंटरनेट रेडिओ 2017 पासून आहे. तिथे माणसे निवडून लावतात. बँडकॅम्पवर थेट कलावंताकडून विकत घेता येते. डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के ते ठेवतात आणि 2020 पासून ठरावीक शुक्रवारी तेही सोडतात. आणि एक गाणे आवडले की मिक्सिंग कुणी केले, सोबत कोण वाजवते, ते नाव धरून पुढे जावे. पुण्याच्या रित्विझचे 2017 चे 'उड गए' मला मुलाने पाठवले; मुलगा ध्रुपद शिकलेला आहे हे कळल्यावर ते मी पुन्हा ऐकले आणि गळ्यातली फिरत दिसली. अहमदाबादेत वाढलेल्या न्यूक्लियाने 2015 चा 'बेस राणी' हा अल्बम फुकट वाटला होता. तो बैठकीत लावला तेव्हा बाई म्हणाल्या, "हा तर विसर्जनाचा ढोल!" बरोबर ओळखले त्यांनी.

पाठवताना मात्र एकाला एकच पाठवावे, आणि सोबत एक वाक्य: "दुसऱ्या मिनिटाला काय होते ते ऐक." पन्नास जणांना एकदम ढकललेले गाणे कुणाचेच नसते. आणि ज्याने स्वतःचे पाठवले असेल त्याला आठवड्याच्या आत उत्तर द्यावे. आवडले नाही तर तसे लिहावे. तो मुलगा नावडीला घाबरला नव्हता.

यात हिशेबाचीही बाब आहे. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत 1,000 वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला मानधनातला वाटा नाही. बड्या गायकाला हे तासाभराचे काम. घरात बसून रचणाऱ्याला हा डोंगर वाटतो. पण भागाकार करा: आठवड्याला वीसपेक्षा कमी. आमच्या बैठकीत चौघांनी आपापल्या फोनवर तीनदा ऐकले की एका रविवारी बारा होतात.

तो मुलगा दोनदा येऊन गेला. कीबोर्ड परत घेतलेला नाही. दुसऱ्या वेळी आम्ही त्याचेच पाच मिनिटांचे लावले, तर तो तिसऱ्या मिनिटाला म्हणाला, "इथे चुकलंय, इथे मशीन थांबायला हवी होती," आणि माझ्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर काहीतरी लिहून खिशात घातले. येत्या रविवारी गीताबेनची रचना आहे. दलालांनी आत्ताच सांगून ठेवले आहे की ते कापूस घेऊन येणार आहेत. बाक रिकामे आहेत, यावे.