मधुमेहाला दारातच अडवावे

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत आता सोडली पाहिजे. झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूर पाहा. सुखनई नदीकाठच्या या गावी मागावर बसणारा विणकर आहे, गादीवरचा दुकानदार आहे, भोवतालचा शेतकरीही आहे. आरंभी मधुमेह दुखत नाही. म्हणून यांपैकी कोणीच आपण होऊन दवाखान्याची पायरी चढत नाही. यास्तव २०१७ पासून देशभर दवाखानाच दारी नेण्याची योजना आखण्यात आली. तिशी ओलांडलेल्यांकडे आशा कार्यकर्तीने जावे, तंबाखूची, व्यायामाची, आईवडिलांच्या मधुमेहाची चौकशी करावी, फितीने कंबर मोजावी. मग जवळच्या केंद्रात रक्तातील साखर तपासावी.

याचा उपयोग होतो काय? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांत केवळ आहारनियमन व नित्य चालणे यांनी तो होण्याचे प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटले.

मात्र सर्वांना एकच उपदेश चालत नाही. दिवसभर रानात राबणाऱ्याला चालायला काय सांगावे? त्याच्याशी ताटाविषयी बोलावे. दुकानदाराला पायी घरी जाण्यास सांगावे, विणकराला अधूनमधून मागावरून उठण्यास. आणि सांगणारी पुढच्या महिन्यात पुन्हा दारी यावी. एरवी फीत आणि नोंदवही दोन्ही व्यर्थ होत.