तीन बोटांचं माप
‘उपचारांनंतर’ : लेखांक ६

स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणारी सूज आटोक्यात कशी ठेवायची, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोलू. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग आहे, आणि मिसरीच्या सवयीमुळे आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. ऑपरेशन, त्यानंतर सहा-सात आठवड्यांचे शेक म्हणजे रेडिएशन, काहींना जोडीला केमो. एवढं सगळं पार पडलं की अख्खं घर सुटकेचा नि:श्वास टाकतं. मात्र दवाखान्यातली ये-जा कमी होते, तेव्हाच तोंड राखण्याचं रोजचं काम सुरू होतं. ते घरीच करायचं असतं, आणि पुढचे दिवस कसे जाणार हे बरंचसं त्यावर ठरतं.

तोंड उघडतं राहू द्या

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी आपलीच तीन बोटं जुळवून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी धरायची. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहसा मावतात. पट्टीने मोजलं आणि हे अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर तोंड आखडलंय असं डॉक्टर मानतात.

तोंड आखडतं, कारण रेडिएशनमुळे चावण्याचे स्नायू हळूहळू ताठर होतात आणि ऑपरेशनचा व्रणही आतून ओढ देतो. शेक थांबले तरी ही क्रिया थांबत नाही, ती पुढे कित्येक महिने, कधी काही वर्षंही चालू राहते. वर्षानुवर्षं सुपारी किंवा गुटखा खाल्लेल्यांचे गाल तर आधीच कडक झालेले असतात. म्हणून ‘दवाखान्यातून आलो तेव्हा तोंड बरं उघडत होतं, आता घास जात नाही’ ही तक्रार इतकी ऐकू येते. तोंड उघडलं नाही तर चावता येत नाही, ब्रश मागपर्यंत पोहोचत नाही, आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आतलं दिसत नाही. आजार परतला असेल तर तो उशिरा सापडण्याचा धोका इथेच असतो.

उपाय स्वस्त आहे. घसा तपासताना जीभ दाबायला वापरतात त्या लाकडी पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. सहज जातील तेवढ्या पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. मग त्यांच्या मधोमध आणखी एक पट्टी हळूच सरकवायची आणि अर्धा मिनिट तशीच ठेवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. दिवसातून चार-पाच वेळा हे करायचं आणि किती पट्ट्या गेल्या तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. पंधरा दिवसांत एखादी पट्टी वाढली तरी ती कमाईच आहे. जखम ओली असेल किंवा जबड्याचं हाड बसवलेलं असेल, तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच सुरुवात करायची.

लाळ आणि दात

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. लाळेच्या ग्रंथींवर शेक बसले की ती घटते आणि दातांचं संरक्षणच जातं. हिरडीलगत दात किडू लागतात, तेही झपाट्याने. म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेवून घोट घोट पाणी पीत राहावं. दोन्ही वेळा मऊ ब्रशने आणि फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत, खाल्ल्यावर चूळ भरावी. कोरड पडली म्हणून गोड गोळ्या चघळत राहू नये, त्यांनी कीड वाढते.

आता सर्वांत महत्त्वाचं. शेक घेतलेल्या जबड्यातला दात गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन परस्पर काढून घेऊ नका. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दात काढल्यावर जखम भरतच नाही आणि हाड कुजू लागतं, असं होऊ शकतं. हा धोका दहा वर्षांनंतरही टळलेला नसतो. रेडिएशनचा कागद दंतवैद्यांना आधी दाखवायचा, आणि त्यांनी कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलल्यावरच पुढचं ठरवायचं.

ताटात काय

गेलेली चव बहुतेकांना काही महिन्यांत बऱ्यापैकी परत येते. तिखट मात्र बरेच दिवस झोंबतं. तोवर घरचंच जेवण मऊ करून द्यावं. दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, तूप घातलेला गुरगुट्या भात, नाचणीचं सत्त्व, मऊ उकडलेलं अंडं, दही, पातळ पिठलं हे सगळं चालतं. नुसती पेज आणि चहा-बिस्किटं यांवर दिवस काढले की वजन उतरतं आणि अंगातली ताकद जाते. डाळ, दूध, अंडं, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. दर आठवड्याला वजन करावं. गिळताना ठसका लागत असेल तर गिळण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात. वारंवारचा ठसका अंगावर काढू नये, अन्न फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका

मानेवर शेक घेतलेल्यांची थायरॉइड ग्रंथी पुढे मंदावू शकते. थकवा, बद्धकोष्ठता, सतत थंडी वाजणं, उदास वाटणं, हे सगळं ‘एवढं मोठं आजारपण झालंय, होणारच’ म्हणून खपून जातं. खरं तर दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएचची साधी रक्ततपासणी केली की ते कळतं, आणि रोजच्या एका गोळीने सुधारतं. मानेतल्या गाठी काढल्यावर खांदा उतरतो, हात वर जात नाही, त्यालाही व्यायामाने फरक पडतो. सोबत रोज चालणं हवं. पहिल्या दिवशी अंगणात दोन फेऱ्या झाल्या तरी पुरे.

तंबाखूला पुन्हा दार नको

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या डॅन्ली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांचे नमुने तपासले. गाठीच्या आजूबाजूचं, वरकरणी निरोगी दिसणारं अस्तरही बदललेलं असतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे काढलेली गाठ गेली, तरी तंबाखूने वर्षानुवर्षं भाजलेलं बाकीचं अस्तर तोंडात तसंच असतं आणि तिथे नवा कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून तंबाखू, मिसरी, बिडी, दारू सगळं बंद. ‘नुसती सुपारी’सुद्धा नाही. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेलं आहे. तलफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर समुपदेशक बोलतात. तिथे फोन करण्यात कसलाही कमीपणा नाही.

तारीख चुकवू नका

आजार परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच परततो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी बोलावतात, पुढे अंतर वाढत जातं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत नवी गाठ, एकाच कानात सतत दुखणं, दात हलू लागणं, रक्त येणं किंवा उघडणारं तोंड पुन्हा आखडणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

खर्चामुळे जाणं टळत असेल तर एक माहिती ठेवा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांसाठी आणि नंतरच्या तपासण्यांसाठीही रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसी डब्यात भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयाकडून घ्यावा लागतो.

एक दुखणं तपासणीत सापडत नाही. ओठांतून पाणी ओघळतं, शब्द स्पष्ट येत नाहीत, म्हणून माणूस लग्नाच्या पंगतीला जायचं टाळतो, मग घरातही वेगळं ताट घेऊन बसतो. हे एकटेपण उपचारांइतकंच खच्ची करतं, आणि ते घालवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यांचं जेवण पाऊण तास चालणार असेल तर घराने पाऊण तास त्यांच्यासोबत बसावं. बोलणं कळलं नाही तर मान डोलवून वेळ मारून नेऊ नये, ‘पुन्हा सांगा’ म्हणावं. पट्ट्यांचा व्यायाम झाला का, हे रोज एकाने तरी आठवणीने विचारावं. जगण्यासाठी एवढी झुंज दिलेल्या माणसाला चारचौघांत बसून जेवता आलं, तरच ते उपचार पूर्ण झाले असं म्हणता येईल.

(पुढच्या आठवड्यात : लहानपणी कर्करोगातून बरी झालेली मुलं मोठी होताना)