सावरपाडा एक्सप्रेसचे थांबे

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी कधी केली आहे का तुम्ही? केली असेल तर रात्री पाय काय म्हणतात, ते वेगळं सांगायला नको. आता त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका मुलीच्या फेऱ्या ऐका. एक फेरी ४०० मीटरची. अशा २५, सलग, न थांबता. यालाच म्हणतात दहा हजार मीटरची शर्यत!

ही मुलगी म्हणजे हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव सगळ्यांना पाठ आहे. पण ही एक्सप्रेस नेमकी कुठे कुठे थांबली, असं विचारलं की आपण अडखळतो. म्हणून ही उजळणी.

पहिला थांबा : नाशिक
पाड्यावर ट्रॅक कुठला असणार? चढ-उताराच्या वाटा मात्र भरपूर. धावायला महागडं साहित्य लागत नाही, म्हणून हा खेळ परवडला. सुरुवात झाली तीही अनवाणी. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे सराव सुरू झाला आणि नुसत्या पळण्याला शिस्त आली.

दुसरा थांबा : दिल्ली, ऑक्टोबर २०१०
राष्ट्रकुल स्पर्धा. दहा हजार मीटरमध्ये केनियाच्या दोघी पुढे, तिसरी कविता. वेळ ३३ मिनिटं ५.२८ सेकंद. कांस्यच ना, असं म्हणू नका. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी १९५८ मध्ये मिल्खा सिंग यांनी सुवर्ण जिंकलं होतं. मधली ५२ वर्षं ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतींत भारताची पाटी कोरी होती. ती पुसली आपल्या तालुक्यातल्या मुलीने.

तिसरा थांबा : ग्वांगझू, नोव्हेंबर २०१०
दीडेक महिन्यात आशियाई स्पर्धा. इथे सुवर्ण केरळच्या प्रीजा श्रीधरनला, रौप्य कविताला. २५ फेऱ्या पळून झाल्यावर दोघींमध्ये अंतर किती? एक सेकंदसुद्धा नाही! आणि दिल्लीतल्या स्वतःच्या वेळेपेक्षा कविता सव्वा मिनिटाच्या आसपास लवकर पोचली होती. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

चौथा थांबा : गुवाहाटी, फेब्रुवारी २०१६
आता अंतर चौपटीहून जास्त, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. दक्षिण आशियाई स्पर्धेत कविताने मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत संपवली, सुवर्ण जिंकलं आणि ऑलिम्पिकचं तिकीटही काढलं. हिशेब करा : प्रत्येक किलोमीटरला साधारण पावणेचार मिनिटं, तीही बेचाळीस वेळा.

पाचवा थांबा : रिओ, ऑगस्ट २०१६
इथे पदक नाही. क्रमांक १२०वा. गुवाहाटीपेक्षा जवळपास २१ मिनिटं जास्त लागली. हा थांबा आपण यादीतून गाळतो, पण तो गाळू नये. दिवस आपला नाही हे कळल्यावरही उरलेलं अंतर कापावंच लागतं. तिने ते कापलं आणि तीन तासांच्या आत शर्यत पूर्ण केली. परीक्षेत, भरतीत, मैदानावर ज्यांचा एखादा दिवस बिघडलाय, त्यांनी दिल्लीइतकंच रिओही लक्षात ठेवावं.

ही गाडी एकटी गेली नाही. त्याच नाशिकमधून मोनिका आथरे २०१७ च्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधवने त्याच वर्षी जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य आणलं. एकीने वाट पाडली की मागच्यांना ती दिसते.

आता तुमचं काम. उद्या सकाळी मैदानावर जा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि ४०० मीटर पळा. ग्वांगझूत कविताची प्रत्येक फेरी सरासरी साडेशहात्तर सेकंदांची होती. जमलं? शाब्बास! आता उरल्या फक्त चोवीस.