घशातून उतरणारा इको

टू डी इको आता आपल्या घरांना नवा राहिलेला नाही. अब्बांना जिना चढताना धाप लागली, अम्मीच्या पायांवर सूज आली, की डॉक्टर इको करून आणायला सांगतात. छातीवर थंडगार जेली लावतात, प्रोब फिरवतात आणि पडद्यावर हृदय धडधडताना दिसते. याच इकोचा एक वेगळा प्रकार आहे. त्यात बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात. डॉक्टर त्याला ‘टीईई’ म्हणतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ तो अनेक वर्षांपासून वापरत आले आहेत. आता काही मोठ्या रुग्णालयांत, हृदय बंद पडलेल्या माणसाला परत आणण्याच्या धडपडीतही तो वापरला जाऊ लागला आहे.

मरणाच्या दारातल्या माणसाच्या घशात आणखी एक नळी कशाला, असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे. पण त्यामागचे कारण साधे आहे.

हृदय थांबले की छाती दाबून रक्त फिरते ठेवावे लागते. दाब थांबला की मेंदूकडे जाणारे रक्तही थांबते. म्हणून नाडी पाहण्यासाठी हात उचलला तरी 10 सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, असा नियम आहे. अडचण अशी की नेहमीचा इको छातीवरून होतो आणि दाबणारे हातही छातीवरच असतात. चित्र पाहायचे तर हात काढावे लागतात. 2017 मध्ये अमेरिकेतील मेरीलँडमध्ये याची वेळ मोजली गेली. इकोविना नाडी पाहताना सरासरी 13 सेकंद जात होते, इको करताना 21. मदतीला आणलेले यंत्रच असे वेळ खाऊ लागले.

अन्ननलिका मात्र हृदयाच्या अगदी पाठीला लागून असते. तिथून पाहिले तर मध्ये फासळ्या येत नाहीत, फुप्फुसातली हवा येत नाही, दाबणाऱ्याचे हातही येत नाहीत. छाती दाबणे चालू राहते आणि चित्रही दिसत राहते. हृदयाभोवती रक्त साचून ते गुदमरले आहे का, फुप्फुसाकडे गुठळी गेल्यामुळे हृदयाची उजवी बाजू फुगली आहे का, हे लवकर कळू शकते. कधी मॉनिटरवर रेघ जवळपास सरळ दिसते, पण आत हृदय बारीक थरथरत असते. अशा वेळी विजेचा झटका उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट दिसते, ती मला सर्वांत मोलाची वाटते. आपला दाब नेमका कुठे पडतोय ते कळते. कधी तो रक्त ढकलणाऱ्या कप्प्यावर न पडता रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवरच पडतो. मग हात थोडे सरकवता येतात.

अमेरिकेतील आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्येच या वापराला पाठिंबा दिला. तरी टीईईमुळे जास्त माणसे वाचतात, असे मोठ्या चाचणीतून अजून सिद्ध झालेले नाही. यंत्र महाग आहे, शिकलेला हात लागतो आणि आधी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असावी लागते. एखाद्या रुग्णालयात तो केला नाही म्हणजे उपचारात कसूर झाली, असे समजू नये.

घरच्यांच्या हातात मात्र एक काम असते. रुग्णाला घास गिळायला त्रास होता का, रक्ताची उलटी झाली होती का, अन्ननलिकेचा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तोंडात कवळी आहे का, हे न विचारताही दारातल्या डॉक्टरांना सांगावे. अन्ननलिकेला इजा होणे क्वचित घडते, पण घडले तर गंभीर असते.

आता आपल्या भागाकडे येऊ. चाकणच्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळीला माणूस कोसळला, तर पिंपरीचे वायसीएम साधारण वीस किलोमीटरवर आहे. मध्ये पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव चौकातली वाहनांची रांग. रक्त न मिळालेल्या मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. 108 ची गाडी येईपर्यंत कोणी छाती दाबलीच नाही, तर पुढे कितीही चांगला टीईई असला तरी तो थांबलेले हृदयच दाखवणार.

म्हणून माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर 108 लावून लगेच हात ठेवावेत. कोसळलेली बाई असेल तर पुरुष कचरतात, घरचेही संकोचतात. अशा वेळी परक्याचा हात म्हणून कोणी अडवू नये. जीव जात असताना हा संकोच बाजूला ठेवायला आपल्या घरांतही कोणाची हरकत नसते, फक्त ते आधी बोललेले नसते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळवा ठेवून 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलावा, कारण थकलेल्या हाताचा दाब त्याच्या नकळत उथळ होत जातो.